आम्हा पंचांसमक्ष

सोनपेठला काहीही घडलं तरी ते पाहायला एक माणूस हजर असतोच, आणि त्यानं काहीही पाहिलेलं नसतं. हा माणूस म्हणजे आमचे तात्या.

तसे तात्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात. कचेरीसमोर चहाचं हॉटेल, हॉटेलात रस्त्याकडं तोंड करून टाकलेलं बाकडं आणि बाकड्यावर तात्या, ही मांडणी परभणी जिल्ह्यात कुठंही जा, बदलत नाही. वय साठीच्या आसपास. पांढरा शर्ट, तो इस्त्रीचा. पायजमा बिनइस्त्रीचा, कारण बाकड्यावर बसलेल्या माणसाचा पायजमा कोण बघतंय? खिशाला दोन पेनं. एक लोकांनी मागितल्यावर द्यायचं, ते चालत नाही. दुसरं फक्त सरकारी कागदावर सही करायला राखलेलं. चार एकर रान आहे, कापूस आणि सोयाबीन होतं, पण ते बटईनं दिलेलं. तात्या करतात काय, असं बाहेरच्यानं विचारलं तर गाव एका शब्दात सांगतं, "पंच."

झडती घ्यायची किंवा माल जप्त करायचा तर परिसरातले निदान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी समोर पाहिजेत, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, तिच्यातही ते आहेच. आता भर दुपारी दोन वाजता प्रतिष्ठित रहिवासी आणायचे कुठून? जीप येताना दिसली की गावातले झाडून सारे प्रतिष्ठित हॉटेलच्या मागच्या दारानं निघून जातात. बाकड्यावर उरतात ते तात्या. म्हणजे उरले म्हणून प्रतिष्ठित. गारपिटीचा पंचनामा असो, जळालेल्या गोठ्याचा असो, तारेवर टाकलेल्या आकड्याचा असो की रेल्वे रुळावर सापडलेल्या बेवारशाचा, कागदाच्या शेवटी तात्यांची सही असतेच. सहीखाली ते दुहेरी रेघ ओढतात. वरच्या रेघेचा अर्थ "मी होतो". खालच्या रेघेचा अर्थ कोर्टात कळतो.

कोर्टात तात्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. शपथ घेऊन झाली, नाव-गाव-धंदा सांगून झाला, की ते एका दमात म्हणतात, "मला ठाण्यात बोलावून लिहिलेल्या कागदावर सही घेतली, मजकूर वाचून दाखवला नाही, माझ्यासमक्ष काही झालं नाही." मग सरकारी वकील उठतात, साक्षीदार फितूर झाला म्हणून आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची परवानगी मागतात, आणि तात्या पदवीदान समारंभात नाव पुकारल्यासारखे मान लववतात. बाहेर येऊन साक्षभत्त्याच्या कागदावर सही करतात. तो मजकूर मात्र स्वतः वाचून घेतात, रक्कम दोनदा.

पण तात्या सगळ्यांच्या बाबतीत असं करतात म्हणाल तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांची स्मरणशक्ती अंतरावर चालते. माजलगाव-गंगाखेडला काही घडलं तर त्यांना तारीख, वार, मोटारसायकलचा रंग, सगळं आठवतं. परळीपर्यंत ती बरी असते. सोनपेठची वेस आली की धूसर होते. गल्लीत शिरली की अंधार. आणि भावकीच्या दारात तर डोळाच जातो. मध्यंतरी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. फुकट शस्त्रक्रियेची शिबिरं येत होती, जात होती, तात्या काही जाईनात. शेवटी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सर, निम्म्या केसा ह्या मोतीबिंदूवर उभ्या हायेत. डॉक्टरनं डोळा साफ केला, अन् उद्या जजसायेबांनी इचारलं, आता दिसतंय ना? मंग काय सांगू?" पुढं ऑपरेशन झालं. त्यानंतर आठवडाभर गल्लीतले लोक त्यांच्यासमोरून जाताना जरा जपून चालत.

असा हा माणूस सिनेमाच्या पडद्यासमोर बसला की कुणी वेगळाच होतो.

सिनेमा हे तात्यांचं एकमेव व्यसन. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या काळात ते तंबूत मातीवर बसले, गणपतीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरसमोर रात्र-रात्र जागले, आता मोबाइल शर्टाच्या खिशाला टेकवून पाहतात. पाहतात म्हणजे भाग घेतात. 1998 साली 'गुलाम' आला. आमिर खानचा सिद्धू रॉनीच्या माणसांची काळी कृत्यं डोळ्यांनी पाहतो आणि बोलावं की न बोलावं या घोळात पडतो, कारण थोरला भाऊ त्याच रॉनीच्या पदरी. परळीच्या थिएटरात तात्या खुर्चीवरून उठून ओरडले होते, "आरं बोल की! भ्याव कुनाचं हाय?" पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून पाहिलं. दोघंही सोनपेठचे. एकाच्या दंग्याच्या केसमध्ये त्याच आठवड्यात तात्यांच्या डोळ्यांपुढं अंधार आला होता. सिद्धूचं आडनाव मराठे आहे हे कळल्यावर तात्यांनी त्याचं मूळ गाव बीडकडं कुठं तरी ठरवून टाकलं, आणि "आपल्याच पट्ट्यातलं पोरगं" म्हणून वर्षभर त्याचा अभिमान बाळगला.

आपल्या सिनेमातल्या गुन्हेगारीवर तात्यांचा स्वतःचा सिद्धान्त आहे. तो त्यांनी मला एका पावसाळ्यात, चहाच्या तीन फेऱ्यांत सांगितला. माझ्याच पैशानं.

"सर, आपल्या पिच्चरमधल्या आया गोळी घालतेत, पन जबाब देत न्हाईत."

मी आठवून पाहिलं. 1957 चा 'मदर इंडिया': नर्गिसनं पोटच्या बिरजूला गोळी घातली. 1999 चा 'वास्तव': रीमा लागूंनी रघूला घातली. 1982 चा 'शक्ती': आई नाही, पण बाप, तोही पोलीस खात्यातला. दिलीपकुमारनं अमिताभला गोळी घातली. 1975 चा 'दीवार': आई मोठ्याचा बंगला सोडून धाकट्याकडं राहायला गेली, धाकट्याच्या हातात पिस्तूल दिलं, पण मोठ्याचे धंदे सांगायला ठाण्याची पायरी काही चढली नाही. 'परिंदा' 1989 चा. थोरला भाऊ नाना पाटेकरच्या अण्णाकडं कामाला, धाकट्याच्या जिवलग मित्राचा अण्णाच्या माणसांनी खून केलेला. धाकटा काय करतो? सूड घ्यायला टोळीतच शिरतो.

"कामून म्हनाल," तात्या म्हणाले, "तर गोळी घरातल्या घरात ऱ्हाती. मारलं, रडलं, मांडीवर घेतलं, संपलं. जबाब दिला की घरची गोष्ट चावडीवर गेली. अन् गोळी एकदाच लागती, सर. जबाबाला तारखा लागतेत."

ह्या सिद्धान्ताला मी पुष्कळ धक्के मारून पाहिले. म्हटलं, तात्या, 'सामना' घ्या. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना त्याचा, गाव त्याचं, माणसं त्याची. तरी श्रीराम लागूंचा तो दारुडा मास्तर एका गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत राहतोच ना? एक माणूस बोललाच ना?

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "मास्तर त्या गावचा व्हता का?"

"नाही. असाच कुठून तरी आलेला."

"त्याची भावकी व्हती का तितं?"

"नव्हती."

"मंग?" तात्या म्हणाले. "भावकी नसल्यावर कुनीबी बोलंल. तो मास्तर धोंडे पाटलाचा चुलतभाऊ आसता, अन् मंग इचारला आसता, तर म्या त्याचे पाय धुतले आसते."

मी वृत्तपत्रातलं उदाहरण काढलं. एका बड्या निर्मात्याला 2001 च्या जानेवारीत मकोकाखाली अटक झाली होती. हा कायदा संघटित गुन्हेगारीसाठीच महाराष्ट्रानं 1999 मध्ये केलेला. मुंबईचा सिनेमा आणि अंडरवर्ल्ड यांच्या साटंलोट्याचा तो खटला. मोठमोठी मंडळी जबाब देऊन मागं फिरली. 2003 मध्ये प्रीती झिंटानं मात्र खंडणीच्या धमकीचा फोन आल्याचं कोर्टात सांगितलं आणि आपला जबाब बदलला नाही. हे तात्यांना पाठच होतं. तिचं ते एवढं कौतुक करतात की तिचा एकही सिनेमा त्यांनी सोडलेला नाही. पण सिद्धान्त सिद्धान्त असतो. "ती शिमल्याची, सर. मुंबईत तिची भावकी कुटं?"

मग एकदा सुट्टीत मी त्यांना लॅपटॉपवर 'ऑन द वॉटरफ्रंट' दाखवला. 1954 चा, एलिया कझानचा. न्यूयॉर्कजवळच्या गोदीतल्या हमालांची संघटना गुंडांच्या हातात गेलेली. मार्लन ब्रँडोचा टेरी तिथला एक साधा पोऱ्या, एके काळचा मुष्टियोद्धा. सख्खा भाऊ त्या गुंडाचा उजवा हात. तात्यांना इंग्रजी येत नाही. मी थांबवून थांबवून सांगत होतो. गोदीवर एक नियम असतो: डोळ्यांदेखत खून झाला तरी आपण बहिरे आणि मुके. हे ऐकल्यावर तात्यांनी मला सिनेमा थांबवायला लावला.

"ह्ये अमेरिकेतलं हाय?"

"हो."

"तितं बी हॉटेलात बाकडं आसंल."

टेरी शेवटी चौकशी आयोगापुढं उभा राहून सगळं सांगतो, तोपर्यंत भावाचा मुडदा पडलेला असतो. पण तात्यांना लागलं ते दुसरंच. साक्ष देऊन टेरी परत येतो तर ओळखीचे लोक तोंड फिरवतात, आणि त्याच्या मागं-मागं फिरणारं एक पोरगं त्यानं गच्चीवर जपलेली सगळी कबुतरं मारून टाकतं. तात्या बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. "गुंडांनी मारली आसती तर समजलो आसतो," ते म्हणाले. "पोरानं कामून मारली?"

मी त्यांना मग पडद्यामागची गोष्ट सांगितली. कझाननं हा सिनेमा काढला त्याच्या दोन वर्षं आधी, 1952 मध्ये, त्यानं स्वतःच अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढं आपल्या आठ जुन्या सोबत्यांची नावं सांगितली होती. त्यानंतर हा सिनेमा आला आणि त्याला आठ ऑस्कर मिळाली.

"आट नावं, अन् आट ऑस्कर? नावामागं एक पडलं म्हना की." तात्यांनी मनातल्या मनात सोनपेठचा दर काढून पाहिला असावा. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "ते आट जन करत काय व्हते? वाळू उपसत व्हते का?"

"नाही हो. नाटकवाले होते. पूर्वी कधी तरी कम्युनिस्ट पक्षात होते, एवढंच."

"मंग ती साक्ष न्हाई, सर. ती चुगली."

1999 मध्ये कझानला जीवनगौरवाचं ऑस्कर दिलं तेव्हा सभागृहातले कित्येक लोक टाळ्या न वाजवता हाताची घडी घालून बसले होते. त्यांना आपलं म्हणणं दोन शब्दांत मांडता आलं असतं. पण तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

तात्यांचा खरा आवडता प्रसंग मात्र 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातला, 1974 चा. टोळीतला एक जुना माणूस फुटलेला असतो. सरकारनं त्याला संरक्षण दिलेलं, लेखी जबाब तयार, आता समितीपुढं बसून फक्त हो म्हणायचं. सुनावणीच्या दिवशी मायकेल कॉर्लिऑन आत येतो, आणि त्याच्याबरोबर येतो एक म्हातारा. सिसिलीहून आणलेला, त्या साक्षीदाराचा सख्खा भाऊ. म्हातारा बोलत नाही, धमकावत नाही. नुसता येऊन बसतो. साक्षीदार त्याच्याकडं बघतो आणि सगळा जबाब फिरवतो.

हा प्रसंग तात्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहतात. "बंदूक न्हाई, चाकू न्हाई. नुसता भाऊ आनून बशिवला! सर, ह्यांना भावकी कुनी शिकवली?"

महाराष्ट्रानं 2017 मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला, हेही मी त्यांच्या कानावर घातलं होतं. धोका असेल तर पोलीस बंदोबस्त मिळतो म्हटलं. तात्यांनी त्यातली उणीव लगेच काढली. "पोलीस दाराबाहेर उभा ऱ्हाईल. पन पंगतीत मला शेजारी कोन बशिवून घेनार? मयतीला खांदा द्यायला तो पोलीस येनार का? अन् पत्रिका?"

पत्रिका हा मराठवाड्यातल्या लग्नातला सगळ्यात जाड दस्तऐवज. वधू-वरांची नावं शोधावी लागतात, भावकीची लागत नाहीत. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, संयोजक, शेवटी चिल्ल्यापिल्ल्यांचं आग्रहाचं बोलावणं. कुणाचं नाव कितव्या ओळीत, यावर दोन-दोन पिढ्या अबोला राहतो. तात्यांचं नाव व्यवस्थापकांत दुसरं असे. पहिलं त्यांचे थोरले चुलतभाऊ, आप्पा.

आणि घोटाळा झाला तो ह्या आप्पांच्याच मुलामुळं.

आमच्या तालुक्याच्या वरच्या अंगानं गोदावरी जाते. पाणी किती असतं ते पावसावर, पण वाळूला मागणी बारमाही. सरकारनं 2023 मध्ये सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं होतं, पण रात्रीची वाळू काही धोरण वाचत नाही. तराफे, केण्या, ट्रॅक्टर, टिप्पर, हायवा आणि या सगळ्यांच्या पुढं मोटारसायकलवरची पोरं. साहेबाची गाडी कचेरीतून निघाली की ती फोनवर 'लोकेशन' देतात. यातली दोन-तीन पोरं तात्यांच्याच बाकड्यावर बसायची. तात्यांना त्यांचं बोलणं ऐकू यायचं नाही. मोतीबिंदू गेल्यापासून ते कानानं अधू झाले होते.

एका रात्री लोकेशन चुकलं. नदीकाठी पोलिसांनी ट्रॅक्टर धरला आणि पंच म्हणून झोपेतून उठवून नेलं ते तात्यांनाच. ट्रॅक्टर कुणाचा हे जीपच्या उजेडात लांबूनच कळलं होतं. एरवी तात्यांनी खाली मान घालून दुहेरी रेघेची सही ठोकली असती आणि पुढचं कोर्टात बघून घेतलं असतं. पण नवी संहिता आली होती. झडती आणि जप्तीचं आता चित्रीकरण करावं लागतं. जमादारांनी मोबाइल काढला, 'ई-साक्ष्य' अॅप उघडलं आणि म्हणाले, "तात्या, हिकडं बघून बोला."

पुढचं मला जमादार, ड्रायव्हर आणि तात्या अशा तिघांनीही सांगितलं आहे, आणि तिघांचं तंतोतंत जुळतं. तात्यांच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी शर्ट खाली ओढला. केसांवरून हात फिरवला. "उजेड तोंडावर घ्या," म्हणाले. मग एक पाय ट्रॉलीच्या चाकावर ठेवून त्यांनी सुरुवात केली.

"ह्यो ट्रॅक्टर. नंबर न्हाई. ट्रॉलीत वाळू हाय, अंदाजे एक ब्रास. वाळू वली हाय. ह्ये बगा, ट्रॉलीच्या फळीतून पानी अजून गळायलंय. म्हंजी आत्ताच काडलेली. अन् ट्रॅक्टर कुनाचा, ते बी सांगतो. माझ्या चुलतभावाच्या पोराचा. नात्यानं माझा पुतन्या." इथं त्यांनी एक श्वास घेतला. "पन नातं घरी. नदी समद्यांची."

ट्रॅक्टरच्या पलीकडून अंधारातून पुतण्याचा आवाज आला, "तात्या!"

त्या हाकेनं तात्या भानावर आले. जमादारांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "कसं झालं?"

"एक नंबर झालं."

"मंग आता ते पुसा. दुसरं घिऊ. त्यातलं पुतन्याचं तेवडं काडू."

"पुसता येत न्हाई, तात्या. अॅपमधी गेलं. पुरावा हाय तो, त्यात रीटेक नसतो."

दुसऱ्या दिवसापासून भावकी कामाला लागली. शिवीगाळ नाही, धमकी नाही. सकाळी दहाला आप्पा हॉटेलात आले आणि तात्यांच्या समोरच्या बाकड्यावर बसले. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. एक शब्द बोलले नाहीत. दुपारी उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तात्या धावत माझ्याकडं आले. चेहरा फुललेला. "सर, पार्ट टू! डिट्टो पार्ट टू!"

पण आठवडाभरात हा आनंद ओसरला. थोरला भाऊ समोर बसलेला, मग चहा कुणी सांगायचा? रीतीप्रमाणं धाकट्यानं. आप्पा दिवसाला चार चहा घेत आणि वर पान. "गॉडफादरमधी भाऊ एकदाच बशिवला व्हता," तात्या कुरकुरले. "ह्यांनी रोजचाच रतीब लावलाय."

समन्स निघालं. तारखेला कोर्टात झाडून सगळी भावकी. शेवटच्या बाकावर आप्पा, काठीवर हनुवटी टेकून. पुकारा झाला. तात्या पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली, एकदा आप्पांकडं पाहिलं आणि ते ठरलेलं वाक्य धडाधड म्हणून टाकलं: ठाण्यात बोलावलं, सही घेतली, वाचून दाखवलं नाही, माझ्यासमक्ष काही झालं नाही. भावकीनं श्वास सोडला. सरकारी वकिलांनी सवयीनं फितूर म्हणून परवानगी घेतली आणि सवयीबाहेरची एक गोष्ट केली. पडद्यावर चित्रीकरण लावलं.

तात्यांनी ते तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःला पडद्यावर पाहिलेलं नव्हतं. ते किंचित पुढं झुकले. पडद्यावरच्या तात्यांबरोबर पिंजऱ्यातल्या तात्यांचे ओठ हलायला लागले. "नदी समद्यांची" आलं आणि मागं उभ्या असलेल्या एका ज्युनिअर वकिलाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. न्यायाधीशांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं, पण तात्यांनी ते ऐकलं होतं.

"हा माणूस कोण आहे?" सरकारी वकिलांनी विचारलं.

तात्यांनी आप्पांकडं पाहिलं. मग पडद्याकडं. पुन्हा आप्पांकडं. "मी."

"हे तुम्हीच बोललात?"

"हाव."

"कुणी शिकवलं होतं?"

"शिकवतंय कोन? डायलॉग माझा सोताचा हाय."

आरोपीचे वकील उठले. जाणता माणूस, त्यांनी तात्यांसाठी दार सताड उघडं ठेवलं. "रात्रीची वेळ, झोपेतून उठवलेलं, भोवती पोलीस. तुम्ही दबावाखाली बोललात, असं माझं म्हणणं आहे. खरं की नाही?" याच्या आधी असल्या दारातून तात्या कितीदा तरी बाहेर पडलेले. नुसतं हो म्हणायचं होतं.

"वकीलसायेब," तात्या दुखावल्या आवाजात म्हणाले, "दबावाखाली आसं बोलता येतं का?"

गावात याचे दोन अर्थ झाले. तात्यांना अखेर कंठ फुटला असं आमच्या कॉलेजातले लोक म्हणतात. भावकी म्हणते, पडद्यावर तोंड दिसलं म्हणून म्हातारा चळला. मला दोन्ही खरं वाटतं. न्यायाची चाड एकट्यानं एवढी उडी मारत नाही, तिला मागून हौसेचा ढोस लागतो. तात्यांनी बाकड्यावर बसून जे सगळं पाहून ठेवलं होतं ते बाहेर यायला कुणी तरी कॅमेरा रोखण्याची खोटी होती. निकाल अजून लागायचा आहे. तारखा चालू आहेत, आणि त्याबद्दलचा सिद्धान्त तात्यांनी आधीच मांडून ठेवलेला आहे.

दिवाळीनंतर भावकीत लग्न निघालं. आप्पांच्या नातीचं. पत्रिका गावभर वाटली गेली. तात्यांच्या घरी आली नाही. मला आलेली त्यांनी मागून घेतली आणि ओळीवर बोट ठेवत वाचली. "समदे हायेत, सर. दुबईला गेलेला हाय. भांडून येगळा झालेला हाय. मेलेले बी हायेत, कै. लावून." बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. "कबुतरं मारली बगा."

मला वाईट वाटलं. बाकडंही रिकामं राहायला लागलं. लोकेशनवाली पोरं दुसऱ्या हॉटेलात गेली, तात्या उगीचच घरी बसायला लागले. एका रात्री मी त्यांची चौकशी करायला गेलो तर ओसरीवर अंधारात कुणी तरी बसलेलं. मला बघून उठून गेलं. भावकीतलाच एक जण.

"काय म्हणत होता?"

"बांध कोरलाय म्हनं चुलत्यानं. पंचनामा करायचाय." तात्यांनी आवाज खाली आणला. "व्हिडिओवर. तुमच्यासारकं कुनाला बोलता येत न्हाई म्हनं."

हा पहिला नव्हता. सामाईक विहिरीवर रात्री मोटर लावणाऱ्याविरुद्ध एक येऊन गेला होता, सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव उडवलं म्हणून दुसरा. दिवसा तोंड फिरवणारी भावकी अंधार पडला की एकेकटी येत होती, आणि प्रत्येकाला दुसऱ्याविरुद्ध एक खणखणीत साक्षीदार हवा होता. आम्ही बोलत होतो तेवढ्यात अंगणात काठी वाजली. आप्पा. मी आत सरकलो.

आप्पा नेहमीप्रमाणं काही न बोलता बसले. थोड्या वेळानं घसा खाकरला. धाकट्या भावानं ऊस तोडताना त्यांच्या हद्दीतल्या चार सऱ्या आपल्या गाडीत भरून कारखान्याला घातल्या होत्या. "तू त्या दिशी रानाकडूनच आला व्हतास ना," आप्पा म्हणाले. "बघितलं आसशील."

तात्यांनी खिशातलं राखीव पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं. चहा मात्र या खेपेला सांगितला नाही.

"आप्पा," ते म्हणाले, "पत्रिका दुसरी छापा. व्यवस्थापकात दुसरं नाव माझं. मंग काय बघितलं ते आठवतंय का बघतो."